खालच्या गिअरची कुळकथा

वरचा गिअर टाकणे कोणालाही लवकर जमते; खालचा गिअर सफाईने टाकणे मात्र वर्षानुवर्षे गाडी हाकणाऱ्यांनाही क्वचित साधते, आणि याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. गाडीचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांचे नाते प्रत्येक गिअर आपापल्या प्रमाणाने ठरवून देतो. चौथ्या गिअरचे प्रमाण १ आणि तिसऱ्याचे १.३० आहे असे धरले, आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असताना चालकाने तिसरा गिअर टाकायचे ठरवले, तर चाकांचा वेग तोच असताना इंजिनाला तत्काळ ३९०० फेऱ्यांवर चढावे लागते. परंतु क्लच दाबला आणि रेसवरचा पाय उचलला की इंजिन नेमके उलट वागते, म्हणजे त्याचे फेरे झपाट्याने उतरू लागतात. चढायला हवे तेव्हाच उतरणाऱ्या या इंजिनाला तसेच चाकांशी जोडून दिले, तर चाके त्याला फरफटत वर नेतात, गाडीला हिसका बसतो, मागच्या आसनावरची मंडळी पुढे झुकतात, आणि क्लचच्या चकत्या, गिअरचे दाते व टायर हे तिघेही चालकाच्या चुकीचा दंड भरतात. धावत्या लोकलमध्ये चढणारा मुंबईकर आधी फलाटावरून तिच्याच वेगाने चार पावले धावतो आणि मगच दांडी धरतो. खालच्या गिअरचे सारे शास्त्र या चार पावलांत सामावले आहे.

ही चार पावले कोणी धावायची, या एका प्रश्नाभोवती गिअरबॉक्सचा सव्वाशे वर्षांचा इतिहास फिरत आला आहे. प्रथम ते काम माणसाच्या पायाकडे होते, मग ते पितळेच्या एका कड्याकडे गेले, पुढे तेलाच्या दाबाकडे, आणि अलीकडे विद्युत्-संगणकाकडे. या वंशावळीत एक योगायोग असा आहे की, तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा पुरुष ज्या घराच्या आश्रयाने पुढे आला, त्याच घराने जवळजवळ एक शतकानंतर तिचा एक अत्यंत देखणा वारस रस्त्यावर आणला. ते घर म्हणजे अमेरिकेतील डेट्रॉईटचे कॅडिलॅक, आणि तो वारस म्हणजे २०२१ साली प्रकट झालेली सीटी५-व्ही ब्लॅकविंग ही चार दारांची, घरगुती देहाची आणि शर्यतीच्या अंतःकरणाची सेडान. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी मात्र प्रथम पॅरिसला जावे लागते.

जर्मनीतील गॉटलीब डाइमलर यांच्या इंजिनाचे फ्रान्समधील हक्क एदुआर साराझँ या गृहस्थांकडे होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी लुईझ यांनी ती मुखत्यारी मोठ्या हिमतीने स्वतःकडे चालू ठेवली, आणि १८९० साली एमिल लेव्हासोर या अभियंत्याशी त्यांचा विवाह झाल्यावर तो व्यवहार पानार-लेव्हासोर या लाकूडकामाची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात स्थिरावला. पुढच्याच वर्षी लेव्हासोर यांनी मोटारगाडीची जी मांडणी निश्चित केली, तीच पुढे पाऊणशे वर्षे जगाने प्रमाण मानली: पुढे इंजिन, त्याच्या मागे क्लच, त्यामागे गिअर आणि अखेरीस मागची चाके. तिच्यातील गिअर हे शाफ्टवर आडवे सरकणारे दातेरी चक्र होते. एक चक्र आपल्या जोडीदारापासून बाजूला सरकवायचे आणि दुसरे दुसऱ्या जोडीदाराच्या दात्यांत घुसवायचे, एवढीच त्याची रीत. फिरत असलेल्या दोन चक्रांचे दाते असे समोरासमोर आणल्यावर त्यांचे वेग जुळलेले नसतील तर खरखराट होणार, आणि तो तसा होतच असे. या रांगड्या व्यवस्थेचा कस लेव्हासोर यांनी स्वतःच लावला. १८९५ च्या जून महिन्यात पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची सुमारे १,१८० किलोमीटरांची शर्यत त्यांनी ४८ तास ४८ मिनिटांत पुरी केली, आणि जवळजवळ सगळा वेळ गाडीचा सुकाणू त्यांच्याच हाती होता. दोन दिवस व दोन रात्री ते दाते त्यांनी कसे जुळवले असतील, याची कल्पना आजच्या चालकाला करता येणार नाही.

लेव्हासोर यांच्या मांडणीला एक मोलाची जोड तरुण लुई रेनो याने दिली. १८९८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरची रू लेपिक ही खडी चढण त्याने आपल्या स्वतः बांधलेल्या छोट्या गाडीने सहज चढून दाखवली, आणि पुढच्या वर्षी त्या गाडीतील थेट जोडणीचे पेटंट घेतले. सर्वांत वरच्या गिअरमध्ये कोणतेही चक्र मध्ये न घालता इंजिनाची शक्ती सरळ मागच्या शाफ्टला द्यावी, ही ती तजवीज होती. वर ज्या चौथ्या गिअरचे प्रमाण १ असे धरले, तो १ चा आकडा रेनोच्या या कल्पनेचा वारसा आहे.

यानंतरची तीस वर्षे चालकाच्या पायाचा अंमल चालला. त्या काळी मोटार हाकणे हे कसब होते, त्यासाठी उमेदवारी करावी लागे, आणि त्या कसबाचा मुकुटमणी म्हणजे आपले ड्रायव्हर आजही ज्याला डबल क्लच म्हणतात ती क्रिया. ती जवळून पाहण्यासारखी आहे. चौथ्यातून तिसऱ्यात यायचे असताना चालक क्लच दाबतो आणि गिअरचा दांडा मधल्या मोकळ्या जागी, न्यूट्रलला, आणतो. मग क्लच सोडतो, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्समधला आतला शाफ्ट पुन्हा एकमेकांशी बांधले जातात, पण चाकांशी त्यांचा संबंध उरत नाही. या अवस्थेत तो रेसवर एक नेमका ठोका देतो, इंजिन गुरगुरत वर चढते आणि आपल्याबरोबर त्या शाफ्टलाही फिरवून घेते. तत्क्षणी तो क्लच दुसऱ्यांदा दाबतो आणि शाफ्टचा वेग व चाकांकडून येणारा वेग यांची गाठ पडलेल्या त्या निमिषार्धात दांडा तिसऱ्यात सरकवतो. सारे जुळून आले तर दांडा आपल्याच वजनाने आत पडल्यासारखा पडतो, हाताला काही लागतही नाही. ठोका कमी पडला तर दाते किंचाळतात. जास्त पडला तरीही किंचाळतात. वेगदर्शक तबकडीकडे पाहायला वेळ नसतो. कान, तळपाय आणि तळहात यांनीच तो फैसला करायचा असतो.

महाराष्ट्रात या विद्येची शाळा घाटांत भरली. एसटीची सेवा १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत बोरघाट, कसारा, आंबेनळी, कुंभार्ली अशा वळणावळणांच्या वाटांवरून प्रवास केलेल्या पिढ्यांच्या कानांत घाटमाथ्यावरचा तो विशिष्ट आवाज अजून असेल: इंजिनाचा सूर खाली येतो, क्षणभर थांबतो, एकदम वर उसळतो, आणि गाडी कुठेही न दचकता मंद होऊन उताराला लागते. जुन्या मालमोटारींचे आणि बसगाड्यांचे गिअर असे होते की डबल क्लच न मारता ते पडतच नसत. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा ड्रायव्हरमंडळींचा जुना दंडक, आणि त्यामागचे कारण प्राणाशी निगडित आहे. लांब उतारावर एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवला की ब्रेकचे ड्रम तापतात, घर्षण घटते आणि पाय तळाला लागला तरी गाडी आवरत नाही. खालच्या गिअरमध्ये मात्र स्वतः इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. भरल्या गाडीने भर उतारावर खालचा गिअर टाकताना चूक झाली आणि दांडा न्यूट्रललाच अडकला, तर पुढच्या वळणापर्यंत तिला धरणारे काही उरत नाही. म्हणून मोकळ्या घाटात ठोक्याचा अंदाज चुकवणाऱ्या शिकाऊ ड्रायव्हरला उस्ताद बोलत, आणि ते बोलणे न्याय्य होते.

जे काम इतके नाजूक, ते सामान्य माणसावर टाकून मोटारीचा प्रसार कसा व्हावा, हा प्रश्न कारखानदारांना लवकरच पडला. हेन्री फोर्ड यांनी १९०८ च्या मॉडेल टी मध्ये सरकते गिअर मुळातच नाकारले. एका मोठ्या चक्राभोवती लहान चक्रे फिरत राहतील, ती सतत एकमेकांत गुंतलेलीच असतील आणि पट्टे आवळून वेग बदलतील, अशी पायांनी चालणारी दोन वेगांची रचना त्यांनी स्वीकारली, आणि दात्यांचा खरखराट कधीही न ऐकता लक्षावधी शेतकरी मोटार हाकू लागले. इंग्लंडमध्ये वॉल्टर विल्सन यांनी याच तत्त्वावर अशी पेटी बनवली की, हवा असलेला गिअर आगाऊ निवडून ठेवायचा आणि वेळ आली की पायाने पेडल दाबून तो लागू करायचा. दोन्ही युक्त्या उत्तम होत्या. परंतु एकीत वेग दोनच, तर दुसरी जड आणि महाग. सरकत्या गिअरच्या मूळ शाखेत सुधारणा व्हायची ती अजून बाकीच होती.

कॅडिलॅक हे घर अशा सुधारणेला सर्वथा योग्य होते. त्याचे संस्थापक हेन्री लेलँड हे अचूक मोजमापाचे कट्टर उपासक. १९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे कॅडिलॅकच्या तीन गाड्यांचे सुटे भाग एकमेकांत मिसळून त्यांतून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या गेल्या, त्या जशाच्या तशा चालल्या, आणि त्या पराक्रमाबद्दल कंपनीला ड्यूअर चषक मिळाला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि गाडीच्या तोंडाशी उभे राहून हँडल मारण्याचा, प्रसंगी मनगट मोडणारा, व्यायाम संपला. मालकाच्या देहाला जे जाचते ते यंत्राने अंगावर घ्यावे, अशी या घराची वहिवाटच पडली होती.

या घराच्या दारी ऑरेगॉन राज्यातून अर्ल थॉम्प्सन नावाचा अभियंता आपली कल्पना घेऊन आला. वेग जुळवणाऱ्या गिअरचे पेटंट त्याला १९२२ साली मिळाले होते. कारखान्याने ते आपल्या छत्राखाली घेऊन वर्षानुवर्षे घासूनपुसून सिद्ध केले, आणि १९२८ साली पुढील वर्षाच्या कॅडिलॅक व लासाल गाड्यांत सिंक्रोमेश या नावाने ते लोकांच्या हाती दिले.

त्याची रचना सांगायला सोपी, पण सुचायला फार अवघड. गिअरचे चक्र आणि शाफ्ट यांना एकदम दात्यांनी भिडवायचे नाही. त्याआधी निमुळत्या तोंडाची एक पितळी टोपी चक्राच्या निमुळत्या खांद्यावर दाबायची. धातूला धातू घासतो, हळू फिरणाऱ्याला वेग चढतो, जलद फिरणाऱ्याचा उतरतो, आणि दोघे एका गतीवर आले की मगच बाहेरची सरकती बाही दात्यांवरून पुढे जाऊन त्यांना पक्के कुलूप घालते. पुढे या कड्याला अशी खाच दिली गेली की, वेग जुळेपर्यंत ते बाहीची वाट अडवूनच धरते. चालकाने कितीही जोर लावला तरी दांडा पुढे जात नाही, आणि वेग जुळताच वाट आपोआप मोकळी होते. अंगठीएवढ्या जाडीच्या या पितळी कड्याने डबल क्लचमधले दुसरे पाऊल, म्हणजे आतल्या शाफ्टला वेग देण्याचे काम, माणसाकडून काढून घेतले. चार पावलांपैकी निदान दोन आता यंत्र धावू लागले.

ही सोय सर्व गिअरांना एकदम मिळाली नाही. प्रारंभी ती वरच्या दोन गिअरांपुरतीच होती, आणि अनेक देशांतील साध्या गाड्यांत तर पहिला गिअर कित्येक दशके कड्यावाचूनच राहिला, म्हणून गाडी पूर्ण उभी केल्याशिवाय पहिला टाकू नये ही शिकवण जुन्या मोटार-शाळांत दिली जाई. तरीही दिशा निश्चित झाली होती. पोर्शच्या अभियंत्यांनी फटीच्या कड्याची आपली निराळी रचना काढली व १९५२ च्या सुमारास ती ३५६ गाडीत घातली. इतरांनी अडवणाऱ्या कड्याचा मार्ग धरला आणि तोच पुढे सर्वत्र रूढ झाला.

थॉम्प्सन स्वतः इथे थांबला नाही. पायाचे कष्ट अर्धे वाचवणाऱ्याला ते संपूर्ण वाचवण्याची ओढ लागली, आणि त्याच्या मार्गदर्शनाखाली कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्समध्ये हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स तयार होऊन १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी, बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे एम५ स्टुअर्ट रणगाडे कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिने आणि हायड्रामॅटिक घेऊन लढले, हा त्या पेटीच्या भरवशाचा सबळ दाखला आहे. या कर्तबगारीबद्दल थॉम्प्सनला व त्याच्या सहकाऱ्यांना १९६३ चा एल्मर स्पेरी पुरस्कार मिळाला. अमेरिकेतला सामान्य चालक यानंतर क्लच विसरत गेला. परंतु युरोपात, आणि पुढे आपल्याकडेही, हाताचा गिअर टिकून राहिला तो थॉम्प्सनच्याच पितळी कड्यामुळे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण ते कडे नसते तर खरखराटाला कंटाळलेल्या लोकांनी पहिली संधी मिळताच हाताच्या गिअरला कायमचा निरोप दिला असता.

शर्यतीच्या मैदानावर मात्र पायाची विद्या लोपण्याऐवजी अधिक सूक्ष्म झाली. वळणाशी येणाऱ्या चालकाला एकाच वेळी ब्रेक दाबायचा असतो आणि खालचा गिअरही टाकायचा असतो. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी पडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी जुळवणी चुकल्याचा हिसका फक्त मागच्या चाकांना बसला की टायरची पकड सुटते व गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. पाय दोन आणि पेडल तीन, तेव्हा उजव्या पायाला दोन कामे करावी लागली: चवड्याने ब्रेक धरून ठेवायचा आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा बाहेरच्या कडेने रेसला ठोका द्यायचा. चालकांत ही क्रिया हील-अँड-टो म्हणून प्रसिद्ध आहे. अनेक जुन्या शर्यतीच्या गाड्यांत रेसचे पेडल मध्यभागी आणि ब्रेक उजवीकडे असे. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ ज्या मासेराती २५०एफ गाडीने १९५७ साली न्युरबुर्गरिंगची शर्यत आणि विश्वविजेतेपद जिंकला, तिचीही व्यवस्था अशीच होती. कडे असो वा नसो, इंजिनाला वर आणण्याचे काम तोपर्यंत चालकाच्या पायाकडेच होते. पितळी कडे गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवते. क्लचच्या अलीकडे असलेल्या इंजिनावर त्याचा अंमल चालत नाही, आणि हिसका तर तिथूनच येतो.

हे शेवटचे कामही यंत्राकडे सोपवण्याचे प्रयत्न दोन वाटांनी झाले. फ्रेंच अभियंता आदोल्फ केग्रेस याने १९३९ च्या सुमारास अशी मसलत मांडली की, एकाऐवजी दोन क्लच असावेत, एकाकडे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम, म्हणजे एक गिअर काम करीत असताना पुढचा सज्ज राहील आणि शक्ती न तुटता एका क्लचकडून दुसऱ्याकडे जाईल. युद्धाच्या धामधुमीत ते राहूनच गेले. १९८० नंतर पोर्श व आउडी यांनी शर्यतीच्या गाड्यांत ते आजमावले, आणि २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये ते सामान्य ग्राहकाला विकले. दुसरी वाट फेरारीची. जॉन बर्नार्ड याच्या आराखड्यानुसार बनलेल्या फेरारी ६४० मध्ये सुकाणूमागच्या दोन पात्यांना बोट लावताच तेलाचा दाब व विद्युत्-यंत्रणा क्लच आणि गिअर हे दोन्ही सांभाळीत. सरावात ती इतकी बिघडत असे की ती पहिली शर्यत पुरी करील यावर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. परंतु २६ मार्च १९८९ रोजी रिओच्या जाकारेपाग्वा येथे नायजेल मॅन्सेलने तीच गाडी पहिल्या क्रमांकाने आणली. त्यानंतर काही वर्षांतच फॉर्म्युला वनमधून हाताचा दांडा नाहीसा झाला.

मात्र या दोन्ही वाटांनी जाताना चालकाच्या हातातून दांडा आणि पायाखालून क्लच निघून गेला. दांडा व क्लच माणसाकडेच ठेवून केवळ रेसचा ठोका यंत्राकडे द्यावा, हा मधला मार्ग निस्सानच्या ३७०झेड या गाडीत २००८ च्या अखेरीस दिसला. गिअरच्या दांड्यापाशी बसवलेला संवेदक तो कोणत्या गिअरकडे चालला आहे हे ओळखतो. चाकांचा वेग आणि त्या गिअरचे प्रमाण यांचा गुणाकार करून संगणक इंजिनाचे आवश्यक फेरे काढतो. आणि चालक दांडा पुढे नेत असतानाच विजेवर चालणारी हवेची झडप तेवढीच उघडून इंजिन त्या आकड्यावर आणून ठेवतो. रेसचे पेडल आणि इंजिन यांच्यातली तार जाऊन तिथे विद्युत्-संदेश आला नसता, तर हे शक्यच नव्हते.

आता पुन्हा कॅडिलॅककडे. चार दारे, पाच माणसे, मागे सामानाची पेटी, आणि पुढे शर्यतीच्या जातीचे इंजिन, अशा सेडान गाड्यांची परंपरा बीएमडब्ल्यूने १९८५ साली लोकांपुढे ठेवलेल्या एम५ ने प्रतिष्ठेला नेली. कॅडिलॅकने त्या पंक्तीत २००४ च्या सीटीएस-व्ही ने प्रवेश केला, आणि तिच्यात सहा गिअरांचा हाताचा गिअरबॉक्स होता. या नाममालेची तिसरी, म्हणजे २०१६ ची आवृत्ती आली तेव्हा मात्र तो गळाला होता. ती गाडी केवळ स्वयंचलित गिअरने मिळे. म्हणून १ फेब्रुवारी २०२१ रोजी सीटी५-व्ही ब्लॅकविंग जाहीर झाली, आणि ६.२ लिटरचे सुपरचार्जर बसवलेले, ६६८ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन असलेल्या या सेडानमध्ये सहा गिअरांचा हाताचा गिअरबॉक्स मूळ साहित्यात धरला असून स्वयंचलित पेटीलाच जादा पैसे मोजावे लागतील असे कळले, तेव्हा या विद्येच्या चाहत्यांना घरातला दुरावलेला मुलगा परत आल्यासारखे वाटले.

या गाडीची पहिली ओळख विरोधांनी भरलेली आहे. पावणेदोन टनांहून जड असलेला तिचा देह ताशी ३२० किलोमीटरांपलीकडे जाऊ शकतो. पण शहरातल्या खडबडीत रस्त्यावर तिचे वागणे समंजस असते, कारण तिच्या शॉकअॅब्सॉर्बरमधील तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण तरंगत असतात आणि चुंबकीय क्षेत्र कमीअधिक करताच ते तेल क्षणार्धात घट्ट वा पातळ होते. ही युक्तीही याच घरातली, २००२ च्या सेव्हिल गाडीतून आलेली. एवढ्या शक्तीला धरणारा एकेरी क्लच पायाला फार जड झाला असता, म्हणून भार दोन चकत्यांत विभागला आहे. या गाडीत प्रथमच बसणाऱ्याचे लक्ष अर्थातच इंजिनाकडे जाते. पण तिच्या खऱ्या संस्काराची खूण पहिल्या वळणापूर्वी पटते. तो चौथ्यातून तिसरा गिअर टाकतो, दांडा अजून तिसऱ्याच्या खाचेत पुरता बसलेलाही नसतो, आणि इंजिन आपण होऊन एक दमदार हुंकार देत वर चढते, तिथेच ठरते, आणि क्लच सोडला तरी शरीराला काही कळत नाही. वेग बदलला हे फक्त कानांना समजते. नवख्याला हे चमत्कारासारखे वाटते, आणि ज्याने डबल क्लच मारून घाट उतरवले आहेत त्याला तर आपला ठोका दुसऱ्या कोणी तरी, चूक न करता, दिल्याचे जाणवते.

या पेटीत सगळ्या पिढ्या एकत्र नांदत आहेत. इंजिन, क्लच, गिअर आणि मागची चाके हा क्रम लेव्हासोरचा. १ प्रमाणाचा चौथा गिअर रेनोचा. प्रत्येक गिअरच्या खांद्यावरचे कडे थॉम्प्सनचे, आणि ते याच घराच्या दप्तरात १९२८ साली दाखल झालेले. ठोक्याचे माप शर्यतीच्या चालकांनी आपल्या टाचेने ठरवलेले, आणि तो ठोका देणारा संगणक आजच्या काळाचा. कोणत्याही पिढीने आधीच्या पिढीला घराबाहेर काढलेले नाही; प्रत्येकीने एकेक जबाबदारी स्वतःकडे घेऊन मागच्यांचा भार तेवढा हलका केला.

आणि मला या गाडीत सर्वांत आदरणीय वाटते ती गोष्ट म्हणजे हा आपोआप ठोका देणारा साहाय्यक चालकाला बंद करता येतो. तो बंद होताच सारी जबाबदारी पुन्हा उजव्या पायावर येते. काहींना ही विसंगती वाटेल. ज्या सोयीसाठी सव्वाशे वर्षे बुद्धी खर्ची पडली, ती मुद्दाम नाकारायची कशाला, असे ते विचारतील. मला त्यात या साऱ्या कुळकथेची फलश्रुती दिसते. लेव्हासोरच्या काळी दाते जुळवणे ही सक्ती होती, आणि सक्तीने शिकलेल्या कौशल्यात भीती मिसळलेली असते. चुकीला दंड गाडीचा किंवा, घाटात, प्राणाचा असे. थॉम्प्सन आणि त्याच्या वारसांनी तो दंड काढून टाकला. आज जो चालक हील-अँड-टो शिकतो तो निव्वळ प्रेमापोटी शिकतो. त्याचा ठोका चुकला तरी पितळी कडे त्याच्या गिअरची लाज राखते, आणि ठोका जमला तर त्याचे श्रेय सर्वस्वी त्याचे. यंत्राने माणसाचे कष्ट घ्यावेत पण त्याचे कसब त्याच्यापाशी राहू द्यावे, याहून अधिक न्याय्य वाटणी यंत्र आणि माणूस यांच्यात झालेली मला ठाऊक नाही.

विजेवर चालणाऱ्या बहुसंख्य मोटारींना बदलायला गिअरच नसल्यामुळे या कुळाचा पुढचा विस्तार किती होईल ते दिसतेच आहे. म्हणूनच ज्यांच्या हाती अजून दांडा आणि पायाखाली क्लच आहे, त्यांनी ही विद्या आळसाने सोडू नये असे मनापासून वाटते. त्यासाठी ६६८ अश्वशक्ती लागत नाही. घरच्या साध्या हॅचबॅकमध्येही तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच सोडण्याआधी रेसवर एक मोजका ठोका देता येतो, आणि शेजारी बसलेल्या आईच्या हातातला पाण्याचा पेला डचमळला नाही, तर लेव्हासोरपासून चालत आलेली सनद आपल्यालाही मिळाली असे खुशाल समजावे.